मोठ्या आजारपणानंतर आयुर्विमा : एका एजंटचे अनुभव

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभामंडपात केलेले भाषण. बोललो तसेच ठेवले आहे, कुठे कुठे वाक्य नीट केले.)



सचिवांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'विमा' म्हणालो. ते म्हणाले, "भाऊ, जेवणाच्या आधी विम्यावर बोलसान तर लोकं उठून जातीन." म्हणून आधीच सांगून टाकतो. एजन्सी मी दोन वर्षांपूर्वी बंद केली आहे. आज माझ्या पिशवीत एकही फॉर्म नाही. कोणी उठायचे कारण नाही.

माझे 'र' आणि 'ळ' नीट निघत नाहीत, ते समजून घ्या. त्याचे कारण भाषणातच येणार आहे.

आपल्या गल्ल्यांमध्ये गेल्या पंचवीस वर्षांत काय काय झाले ते तुम्हाला माहीत आहे. प्लॉट पाडले तेव्हा आपण सगळे तिशी-चाळिशीतले होतो. विहिरीचे पाणी डोक्यावरून आणत होतो. आता कोणाच्या छातीत स्टेंट आहे, कोणाचे बायपास झाले, कोणाला लकवा मारून गेला, दोघी ताईंचे कॅन्सरचे उपचार झाले. देवाच्या दयेने बहुतेक लोक आज समोर बसलेले आहेत. पण दवाखान्यातून घरी आल्यावर महिना-दोन महिन्यांनी यांच्यापैकी जवळपास प्रत्येक जण माझ्या दुकानावर येऊन गेला आहे. प्रश्न एकच. "आता मले विमा भेटन का?" आणि त्याच्या मागोमाग, आवाज खाली करून, दुसरा प्रश्न. "आजाराचं लिहाच लागते का?"

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी एकदा चुकीचे दिले. ते सांगण्यासाठीच मी आज उभा आहे.

माझा एक मावसभाऊ होता. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. त्याचे नाव घेत नाही, बऱ्याच जणांना ते ठाऊक आहे. २००५ साली कापूस वेचणीच्या दिवसांत त्याच्या छातीत दुखले. आधी चिखलीला नेले, तिथून औरंगाबादला. अँजिओप्लास्टी झाली, आठवड्याने घरी आला. सहा महिन्यांत पुन्हा बैलगाडी हाकायला लागला. अंगापिंडाने असा धडधाकट की याला कधी काही झाले होते असे कोणी म्हणणार नाही.

२००७ साली तो माझ्याकडे आला. मुलगा लहान, शेत कोरडवाहू, म्हणाला एक पॉलिसी करून दे. तीन लाखांची करायची ठरली. मी फॉर्म काढला. विम्याचा फॉर्म तुम्ही पाहिला असेल. नाव-गाव, वडिलांचे वय, आईचे वय, आणि मग एका पानावर प्रश्नांची रांग. गेल्या पाच वर्षांत दवाखान्यात दाखल झालात का? हृदयाचा, फुप्फुसाचा, यकृताचा, मूत्रपिंडाचा विकार झाला आहे का? कोणती शस्त्रक्रिया झाली आहे का? पुढे 'होय' आणि 'नाही' असे दोन रकाने. मी वर पाहिले. दादा म्हणाला, "लिहून टाक ना नाही म्हणून. आता काय दुखते मले?" आणि मी लिहिले. सगळ्या ओळींना 'नाही'. एका दमात, वरून खाली. सही त्याची, अक्षर माझे.

खोटे कशाला बोलू, मला त्या पॉलिसीची गरज होती. मार्च महिना होता. पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर एजंटला कमिशन चांगले मिळते आणि माझे वर्षाचे टार्गेट थोडक्यात अडले होते. दादाचे भले करतो आहे असेही मनात होतेच. दोन्ही खरे होते. कंपनीच्या डॉक्टरने रक्तदाब पाहिला, वजन घेतले, दोन गोष्टी विचारल्या. दादा हसत हसत 'नाही' म्हणाला. बॉंड आला. वहिनींनी तो कपाटात साड्यांच्या घडीत ठेवला.

तीन सहामाही हप्ते भरले. २००८ मध्ये चौदा महिन्यांनी एका रात्री दादाला पुन्हा झटका आला. जीप चिखलीपर्यंत पोचली नाही.

क्लेमचे कागद मीच भरले. पॉलिसी काढल्यावर इतक्या लवकर मृत्यू झाला की कंपनी चौकशी करते, हे मला माहीत होते. मोटारसायकलवर एक माणूस आला. गावात चार जणांना भेटला, चिखलीला गेला, औरंगाबादला गेला. दवाखान्याची नोंदवही काही लपत नाही. दोन महिन्यांनी पत्र आले. महत्त्वाची माहिती दडवून ठेवल्यामुळे दावा नामंजूर. भरलेले हप्तेही गेले.

पत्र वाचून दाखवायला मी वहिनींकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, तुमाले तं ठाऊक होतं ना."

पुढच्या वर्षी त्यांनी दोन एकर विकले.

कंपनीचा राग मला त्या वेळी आला होता. नंतर कायदा वाचला तेव्हा कळले की पत्रात काही चूक नव्हती. विम्याचा करार इतर व्यवहारांसारखा नसतो. बैल घेताना दात आपण तपासायचे असतात, विकणारा सांगेलच असे नाही. विम्यात उलटे आहे. माझ्या शरीराची माहिती मलाच आहे, कंपनीला नाही. म्हणून सांगायची जबाबदारी माझी. कायद्यात याला परम सद्भावाचा करार म्हणतात. सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण गेले होते. माणसाच्या थायरॉइडच्या गाठीचे ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झालेले, फॉर्मवर मात्र 'नाही'. पॉलिसीनंतर काही महिन्यांत मृत्यू. २००७ साली न्यायालयाने कंपनीचे म्हणणे उचलून धरले. आमचा दादा त्याच वर्षी माझ्यासमोर बसून सही करत होता.

दुसऱ्या बाजूचाही निकाल आहे, तोही सांगतो. एका माणसाने कंबरेच्या मणक्याचे दुखणे लिहिले नव्हते आणि तो गेला हृदयविकाराने. तिथे कंपनीने पैसे नाकारले तेव्हा २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ते दुखणे जिवावरचे नव्हते, मृत्यूशी त्याचा संबंध नव्हता, पैसे द्या. म्हणजे प्रत्येक सर्दी-खोकल्यावरून कंपनी हात झटकू शकत नाही. पण दादाच्या बाबतीत लपवले तेही हृदय आणि गेला तोही हृदयानेच. मी कोणत्या तोंडाने कोर्टात जा म्हणणार होतो?

आता माझे. खर्रा. समोर बसलेल्यांपैकी काहींच्या खिशात आत्ताही पुडी असेल, मला वास येतो. मी वीस वर्षे खाल्ला. २०१३ मध्ये जिभेच्या कडेला एक फोड आला तो भरेना. शेगावहून रात्रीची गाडी धरली आणि मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये गेलो. बायोप्सीत निघाले. नशीब असे की पहिल्याच टप्प्यात सापडले. जिभेचा तुकडा काढला, मानेतल्या गाठी काढल्या, शेक घ्यावा लागला नाही. तेव्हापासून मी असा बोलतो.

घरी आल्यावर झोप उडाली. दवाखान्याचा खर्च झाला तो झाला, पण या घरावरचे कर्ज फिटायचे होते, मुलगी बारावीला. माझी स्वतःची पॉलिसी किती होती माहीत आहे का? गावभर विमा विकणाऱ्या माणसाच्या नावावर फक्त एक लाख. हलवायाच्या घरी गोड नाही म्हणतात तसे.

२०१५ मध्ये मी एका कंपनीकडे अर्ज केला. सगळे लिहिले. वेगळा कागद जोडून तारखांसकट लिहिले. उत्तर आले की सध्या विचार करता येत नाही, काही वर्षांनी पुन्हा अर्ज करावा. हे समजून घ्या, कारण आपले लोक इथेच खचतात. कंपनीची उत्तरे चार प्रकारची असतात. नेहमीच्या हप्त्यात घेतो. जादा हप्ता घेऊन घेतो. आता नको, नंतर या. आणि अजिबात नको. तिसऱ्याला लोक चौथे समजतात आणि परत दार ठोठावत नाहीत.

त्याच वर्षी मे महिन्यात प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना सुरू झाली. मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. बँकेत गेलो, सुरुवातीच्या मुदतीतच फॉर्म भरला. वर्षाला ३३० रुपये, दोन लाखांचे संरक्षण, कोणतीही तपासणी नाही. आता हप्ता ४३६ आहे. वयाच्या अठरा ते पन्नासपर्यंत नाव घालता येते आणि पंचावन्नपर्यंत चालते. नवीन नाव घातल्यावर पहिले तीस दिवस अपघाताशिवाय दुसऱ्या कारणाने मृत्यू झाला तर पैसे मिळत नाहीत, एवढी अट आहे. कॅन्सर झालेल्या माणसाला त्या दिवशी कोणी चार प्रश्न न विचारता विमा दिला, याचे मला काय वाटले ते सांगता येत नाही. पासबुकावर ३३० रुपये वजा झालेले मी घरी येऊन बायकोला दाखवले. आपल्या कॉलनीत पन्नाशीच्या आतले किती जण आहेत आणि किती जणांच्या खात्यातून ४३६ रुपये कापले जातात, हे घरी जाऊन पाहा. खात्यात पैसे नसले की हप्ता कापला जात नाही आणि विमा गुपचूप बंद पडतो, हेही पाहा.

२०१९ मध्ये पुन्हा अर्ज केले. शस्त्रक्रियेला सहा वर्षे झाली होती. एका कंपनीने सरळ नाकारले. दुसरीनेही. तिसरीने तपासण्या सांगितल्या आणि इथे गंमत झाली. फोनवरच्या मुलीने विचारले, "सर, उंद्री ना? उद्या सकाळी सात वाजता उपाशीपोटी कोंढव्याच्या लॅबमध्ये या." मी म्हणालो, बाई, ती पुण्याची उंद्री, तिथे बारा मजली इमारती आहेत, आमची उंद्री चिखली तालुक्यातली, इथे उपाशीपोटी निघालो तर कोंढव्याला पोचेपर्यंत रात्रीच्या जेवणाची वेळ होईल! शेवटी रक्त, एक्स-रे, सगळे खामगावला झाले.

मी दहा लाख मागितले होते. त्यांनी पाच देऊ केले. नेहमीच्या हप्त्यावर दर हजारी दहा रुपये जादा, म्हणजे वर्षाला पाच हजार वरून. दुकानातले पोरगे म्हणाले, काका, ही लूट आहे. मी सही केली. फॉर्मवर 'होय' अशी खूण होती, दवाखान्याचे नाव होते, तारीख होती. कंपनीने ते सगळे वाचून मला घेतले आहे. उद्या कोणी मोटारसायकलवर चौकशीला आला तर त्याला माझ्या घरात चहा मिळेल आणि फाइलही मिळेल.

जादा हप्त्याचा राग येणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. आपल्या देशात आयुर्विमा १८१८ साली कलकत्त्यात आला तो युरोपीय लोकांसाठी. पुढे हिंदी माणसाला विमा देऊ लागले, पण आपला जीव कमी प्रतीचा धरून वरून जबर जादा हप्ता लावायचे. आजारी असो की ठणठणीत, हिंदी आहे एवढे पुरे. १८७० मध्ये मुंबईत बॉम्बे म्युच्युअल सुरू झाली आणि तिने हिंदी माणसांना नेहमीच्या दराने घेतले. म्हणजे आपले पणजोबा सगळेच 'जादा हप्त्याचे' होते. तो दर माणसाच्या जातकुळीवर होता, माझा दर माझ्या बायोप्सीवर आहे. हा फरक मला मान्य आहे. पण बायोप्सी कधी जुनी होते, हा प्रश्न राहतोच. फ्रान्समध्ये २०२२ पासून कायदा आहे की उपचार संपून पाच वर्षे झाली आणि आजार उलटला नाही, तर कर्जासोबतच्या विम्यात तो कॅन्सर सांगायची गरजच नाही. त्याला तिथे विसरले जाण्याचा हक्क म्हणतात. आपल्याकडे असा हक्क नाही. असायला हवा असे माझे मत आहे. तोपर्यंत विचारले की सांगायचे.

आता उरलेली कामाची गोष्ट भरभर सांगतो, ताटे मांडायला सुरुवात झालेली दिसते.

आजाराच्या आधी घेतलेली जुनी पॉलिसी हे घरातले सोने आहे. ती मोडू नका. दवाखान्याच्या खर्चासाठी लोक पहिल्यांदा तीच मोडतात, आणि तीच परत मिळत नाही. अगदीच अडले तर तिच्यावर कर्ज मिळते का ते विचारा. हप्ता चुकवू नका. वर्षाच्या, सहामाही, तिमाही हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, महिन्याच्या हप्त्याला पंधरा. त्यानंतर पॉलिसी लॅप्स होते आणि पुन्हा चालू करताना तब्येतीचे प्रश्न नव्याने विचारतात. आजारी माणूस घरात असेल तर हप्त्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. औषधाच्या वेळा लिहिता तशी.

कलम ४५ बद्दल. २०१५ च्या दुरुस्तीपासून असे आहे की तीन वर्षे पूर्ण झाली की कंपनीला कोणत्याही कारणाने पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही. हे ऐकून काही हुशार लोक म्हणतात, चला, तीन वर्षे गप बसू. एक तर यमाला हे कलम लागू नाही. दुसरे म्हणजे पॉलिसी लॅप्स होऊन पुन्हा चालू केली की तीन वर्षांचे मोजमाप त्या तारखेपासून परत सुरू होते.

बॉंड घरी आला की कपाटात ठेवण्याआधी सोबतची फॉर्मची प्रत वाचा. तीस दिवसांत पॉलिसी परत करता येते. एजंटने काही चुकीचे लिहिले असेल तर तेव्हाच कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. एजंट भाऊ असला तरी वाचा. भाऊ असला तर दोनदा वाचा.

नोकरीवाल्या मुलांचा पी.एफ. कापला जात असेल तर त्यासोबत ईडीएलआयचा विमा असतो, सात लाखांपर्यंत, त्यात आजाराचा प्रश्न नाही. अपघाताचा विमाही असतो. पण दवाखान्यात झटक्याने गेलेला माणूस अपघातात बसत नाही, तिथे गल्लत करू नका.

आणि क्लेम नाकारला म्हणजे संपले असे नाही. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. तिथे तीस दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपाल आहे, आपल्या जिल्ह्यासाठी पुण्याला. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीचे शेवटचे पत्र आल्यापासून एक वर्षाच्या आत जायचे. २००८ मध्ये हे मला माहीत होते. खरे लिहिले असते तर मी पहिल्या गाडीने गेलो असतो.

मागच्या महिन्यात दादाच्या मुलाने पॉलिसी काढली. तो आता नोकरीला आहे, लग्न ठरले आहे. एजंट दुसरा होता, पण फॉर्म भरायला वहिनींनी मलाच बोलावले. मला वाटले नव्हते त्या बोलावतील. चष्मा लावून एकेक प्रश्न मोठ्याने वाचत गेलो. आईवडिलांच्या माहितीचा रकाना आला. वडील हयात आहेत का, नसल्यास मृत्यूच्या वेळी वय, कारण. पोरगा माझ्याकडे पाहायला लागला. मी लिहिले, वय ४६, हृदयविकाराचा झटका, त्याआधी २००५ मध्ये अँजिओप्लास्टी. वहिनी म्हणाल्या, "काय लिवलं ते वाचा, भाऊजी." मी वाचून दाखवले. त्यांनी मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेल्या. त्या रकान्यामुळे कंपनीने पोराच्या दोन तपासण्या जास्त केल्या. पॉलिसी नेहमीच्या हप्त्यात मिळाली.

रविवारी सकाळी दहा ते बारा मी इथेच सभामंडपात बसणार आहे. घरातले सगळे बॉंड, बंद पडलेलेसुद्धा, आणि दवाखान्याची कार्डे घेऊन या. वारसदाराचे नाव बदलायचे राहिले आहे अशी निदान पाच घरे मला माहीत आहेत. अध्यक्षांचे घर त्यात पहिले. जेवायला चला.